परग्रहावर उतरण्याआधीचा कायदा

माननीय अंतराळ राज्यमंत्री, भारत सरकार, यांस
सविनय नमस्कार.

म्हापशातील एका विद्यालयात मी विज्ञान शिकवते. मध्यंतरी नववीच्या वर्गात 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या काल्पनिक मालिकेतल्या त्या प्रसिद्ध दंडकाचा विषय निघाला: जी संस्कृती स्वतःच्या बळावर अजून ताऱ्यांपर्यंत पोहोचलेली नाही, तिच्या वाटचालीत अंतराळयात्रींनी ढवळाढवळ करायची नाही, मग त्यापायी जीव गेला तरी बेहत्तर. माझे बोलणे संपते न संपते तोच मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "टीचर, तिथं साथ आली आणि औषध आपल्या यानात असलं, तरी नुसतं बघत राहायचं?" मला उत्तर देता आले नाही.

उद्धाराच्या नावाखाली आलेल्यांचा अनुभव गोव्याने घेतला आहे. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीच्या मंगेशाला जुवारी नदी ओलांडून प्रियोळला न्यावे लागले, आणि ज्यांच्या भयाने न्यावे लागले त्या पोर्तुगीजांची आपण पुण्यकर्म करीत असल्याची खात्री होती. म्हणून तो दंडक मला मनापासून पटतो. परंतु अंदमानात १९९९ साली बाहेरच्या जगापासून दूर राहणाऱ्या जारवा आदिवासींमध्ये गोवराची साथ आली तेव्हा त्यांच्यावर उपचार झाले, हेही मला तितकेच पटते, कारण त्यांच्या जंगलातून रस्ता आपणच काढला होता. आपल्या पावलांमुळे झालेल्या हानीची भरपाई टाळण्यासाठी या नियमाची ढाल करता येणार नाही. साथ आपण नेलेली नसेल आणि समोरचा मदत मागत असेल, तर पाठ फिरवणे मला क्रौर्यच वाटते; न मागता औषध घेऊन उतरण्याचे मात्र माझे धाडस होणार नाही.

आपल्या हयातीत परग्रहावर कोणी भेटले, तर ते बहुधा सूक्ष्मजंतूच असतील. मंगळावर १९७६ मध्ये उतरलेली व्हायकिंग याने पाठवण्यापूर्वी भट्टीत शंभराहून अधिक अंश तापवून निर्जंतुक केली होती. शनीभोवती फिरणारे, इंधन संपत आलेले कॅसिनी यान शनीच्याच एन्सेलेडस या उपग्रहावर आदळून तेथे पृथ्वीवरचे जंतू पोहोचू नयेत, म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात जाळून टाकण्यात आले. अंटार्क्टिकाचाही दाखला आहे: भारताची पहिली मोहीम आमच्याच मुरगाव बंदरातून १९८१ साली निघाली, आणि पुढे त्या खंडावरून स्लेज ओढणारे कुत्रेसुद्धा १ एप्रिल १९९४ पर्यंत हलवावे लागले, कारण त्यांचे रोग सीलना लागण्याची भीती होती.

१९६७ च्या अंतराळ कराराचे नववे कलम अन्य खगोलांचे घातक प्रदूषण टाळण्यास सांगते, आणि भारत त्या करारास बांधील आहे. आता खाजगी कंपन्याही या क्षेत्रात उतरत आहेत. म्हणून माझी विनंती आहे की, अंतराळविषयक कायद्याचा जो मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला होता, तो पुढे नेताना त्यात ग्रहसंरक्षणाचे स्वतंत्र प्रकरण घालावे: जीवसृष्टीची शक्यता असलेल्या ठिकाणी उतरणाऱ्या प्रत्येक यानाची, मग ते इस्रोचे असो वा कंपनीचे, निर्जंतुकीकरणाची नोंद जाहीर व्हावी, आणि आपल्याकडून बाधा पोहोचल्यास ती निस्तरण्याची जबाबदारी कोणाची, हे उड्डाणापूर्वीच लिहून ठेवावे.

त्या मुलीला मी उत्तर देणे लागते. आपले उत्तर आल्यास वर्गात वाचून दाखवीन.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, म्हापसा, गोवा