पाचट टाकीत नको

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

गोबरगॅस बांधायचं ठरवलंस, उत्तम. पण "दोनच म्हशी असल्या म्हणून काय झालं, उसाचं पाचट आणि सोयाबीनचं भुसकट ढिगानं पडलंय, तेच टाकीत ढकलू" हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. गवंड्याला अजून विसार दिला नसशील तर बरं.

टाकीत गॅस करणारे जिवाणू जनावराच्या पोटातूनच शेणाबरोबर येतात. शेण म्हणजे अर्धामुर्धा पचलेला चारा, त्यावर ते लगेच कामाला लागतात. पाचटातलं लिग्निन, म्हणजे काडीला कडकपणा देणारा भाग, मात्र त्यांना पचत नाही. शिवाय कर्ब-नत्राचं गुणोत्तर शेणात साधारण पंचविसास एक, पाचटात शंभराच्या आसपास. नत्रच नाही तर ते वाढणार कशावर? आणि खरी कटकट वेगळीच आहे: वाळकं भुसकट तरंगतं. वर जाड थर धरतो, गॅस अडतो. दीनबंधू नमुन्याच्या टाकीचा पक्का घुमट जमिनीखाली, तो थर काढायला टाकीत माणूस उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ.

होतच नाही असं नाही. पंजाबात संगरूर जिल्ह्यात लेहरागागाला 2022 मध्ये भाताच्या पेंढ्यापासून गॅस करणारा मोठा कारखाना सुरू झाला. पण तिथं यंत्रं आहेत. तुझ्या परड्यात रोज कुट्टी करून टाकी ढवळणार कोण? तू? सकाळी नऊला उठणारा?

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर गॅसला सुमारे 25 किलो ओलं शेण लागतं. दोन घनमीटरची टाकी म्हणजे रोज तेवढा गॅस देणारी, ती चार-पाच जनावरांची. तुझ्या दोन म्हशींना एक घनमीटरचीच बांध. टाकी मोठी केली म्हणून गॅस वाढत नाही. शेणात तेवढंच पाणी घालून हातानं गुठळ्या फोडायच्या, खडे-काड्या वेचून टाकायच्या. गोठ्यात फिनेल टाकून धुतलेलं पाणी त्यात जाऊ देऊ नकोस, जिवाणू मरतात. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो सोडून द्यायचा. सिलेंडरची शेगडी तशीच जोडू नकोस, तिचं जेट बारीक असतं. गोबरगॅसची वेगळी शेगडी मिळते, ती घे.

आता पाचट. जाळू तर मुळीच नकोस. खोडव्याच्या सरीत पसर आणि टाकीतून बाहेर पडणारी स्लरी त्यावर सोड. टाकीत गॅस होऊन निघून जातो तो मुख्यतः कर्ब. शेणातलं नत्र बहुतेक सगळं स्लरीत उतरतं, आणि पाचट कुजायला नेमकं तेच हवं असतं. मला विचारशील तर गॅसपेक्षा ही स्लरीच जास्त कामाची, पण हे वहिनींसमोर बोलू नकोस, त्यांना चूल सुटायची घाई आहे.

दोन दिवस सकाळ-संध्याकाळचं शेण तराजूवर घाल आणि आकडा कळव, मग टाकीचं माप नक्की करू. खड्डा गोठ्याजवळ, उन्हात आणि विहिरीपासून लांब असू दे.

तुझा,
दिलीप