कोणत्या प्राण्यावर, ते शीर्षकात छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ढोरांच्या दवाखान्यात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. आता सकाळी पेपर आणि संध्याकाळी ओटा. मागच्या आठवड्यात आपल्या दैनिकात 'नपुंसकतेवर औषध सापडले' असे मोठे शीर्षक होते. 'उंदरांवर' हा शब्द थेट सहाव्या ओळीत. त्याच रात्री गावातला पंचेचाळिशीचा एक शेतकरी कात्रण खिशात घालून आला. बराच वेळ सोयाबीनच्या भावावर बोलला. उठता उठता हळूच म्हणाला, "भाऊ, हे औषध तुमच्यापाशी आलं काय? नाही तं वळूले देतेत थे सुई तरी द्या."

हसू नका. नोकरीत ही मागणी माझ्याकडे बऱ्याच जणांनी केली. माणसांच्या डॉक्टरपेक्षा ढोर डॉक्टरला विचारायची लाज कमी वाटते.

आता वळूचेच घ्या. त्याच्या इंद्रियाला आत नागमोडी बाक असतो. तो सरळ झाला की ते बाहेर येते, रक्त भरून फुगण्याचा भाग थोडा. कुत्र्याच्या इंद्रियात हाड असते, उंदराच्याही. माणसात हाड नाही, सगळा कारभार रक्ताचा. म्हणून कोणत्या प्राण्यावर, हा प्रश्न बारीक नाही.

उंदरावर नेमके काय करतात, ते नागपुरात फार्मसी शिकलेल्या पुतणीकडून समजून घेतले. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे रसायन टोचून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारतात, की काही दिवसांत उंदीर मधुमेही. मग औषध देतात. काही आठवड्यांनी त्याला बेशुद्ध करून तिथल्या मज्जातंतूला विजेचा हलका झटका देतात आणि इंद्रियात सुई घालून आतला दाब मोजतात. दाब चांगला चढला की बातमीत 'यश'. यातून कळते पुष्कळ, ते मी नाकारत नाही. शरीरातच तयार होणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड वायूमुळे तिथला स्नायू सैल पडतो आणि रक्त आत शिरते, हे १९९० च्या सुमारास सशाच्या ऊतीवर दिसले, पुढे उंदरातही. पण बेशुद्ध उंदराला इच्छा होती का, हे सुई सांगत नाही. त्याला मधुमेह होऊन पंधरा वर्षे झालेली नसतात. खर्रा, बिडी, सोसायटीचे थकलेले कर्ज, यातले काहीच त्याच्या मागे नसते. आणि १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ती निळी गोळी, सिल्डेनाफिल, मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासली जात होती. तिचा हा गुण चाचणीतल्या माणसांकडून कळला. (छातीच्या दुखण्यावर जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यांनी ही निळी गोळी घेऊ नये, रक्तदाब एकदम कोसळतो. आमच्याकडे ती पानठेल्यावरही मागितली जाते, म्हणून लिहिले.)

त्याच अंकात आत 'घोड्याची ताकद' देणाऱ्या चूर्णाची जाहिरात होती. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. आपल्या जाहिरात विभागाला ठाऊक असेलच.

मी सुई दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला उपाशीपोटी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. साखर २६० निघाली. त्याला पत्ताच नव्हता. मधुमेह रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही पोखरतो. शिवाय इथली धमनी हृदयाच्या धमनीपेक्षा बारीक, त्यामुळे हृदयाचे दुखणे कधी कधी आधी इथे दिसते. 'असा त्रास असेल तर साखर आणि रक्तदाब तपासा' एवढी एक ओळ त्या बातमीखाली सहज बसली असती. निदान प्राण्याचे नाव तरी शीर्षकात घाला.

तो आता गोळ्या आणायला माझ्याच गाडीवर मागे बसून येतो. विचारले तर गुडघ्याचे दुखणे सांगतो. म्हणून माझे नाव-गाव छापू नये, ही विनंती.

आपला वाचक,
एक सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. आर्वी, जि. वर्धा