नाव हलवू नकोस

विश्रामबाग, सांगली

प्रिय निल्या,

पत्र मिळालं. मतदार यादीतलं नाव नागपूरला हलवू का, म्हणून विचारलंयस. हलवता येतं. फॉर्म ८ भरायचा, हॉस्टेलचा पत्ता चालतो, कॉलेजचा बोनाफाईड जोडायचा. पण माझं ऐकशील तर थांब. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्याच यादीवरून निघते, म्हणजे नाव गेलं की गावातलंही मत गेलं. म्हैसाळ योजनेचं पाणी जतच्या तुमच्या शिवारात कधी येणार, हे काय नागपूरच्या आमदाराला विचारणार?

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाला तू आला नाहीस म्हणून काका चिडलेले. पण येणार कसा? रेल्वेनं मिरज गाठायलाच दिवस-रात्र जाते, पुढं एसटी, आणि सुट्टी एका दिवसाची.

त्याच निवडणुकीत आमच्या आजीचं मत घरी येऊन घेतलं. ८५ च्या पुढच्यांना नमुना १२ ड भरून ही सोय मिळते. कर्मचारी आले, सोबत शूटिंगवाला. सोप्यात पुठ्ठ्याचा आडोसा लावला. आजीनं चष्मा पुसला आणि मला म्हणाली, "तू हो तिकडं." मग मतपत्रिका छोट्या पाकिटात, ते चिकटवून मोठ्या पाकिटात. त्यांनी चहा नको म्हटल्याचा राग तिला अजून आहे!

तेव्हापासून डोक्यात घोळतंय, हेच तुम्हा पोरांना का नाही? सैनिकांना २०१६ पासून मतपत्रिका ऑनलाइन जाते, ते टपालानं परत धाडतात. निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये रिमोट मतदान यंत्र पुढं आणलं, म्हणजे बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांची मतं घेणारं, पक्षांनी विरोध केला, विषय तिथंच राहिला. मला त्याचं फार वाईट वाटत नाही, कारण एवढ्या खटाटोपाची गरजच नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६० (क) बघ. सरकारशी सल्लामसलत करून आयोग कुठल्याही वर्गाला टपाली मत देऊ शकतो. विद्यार्थी हा वर्ग नव्हे तर काय?

फक्त पाकिटं खोलीवर पाठवू नयेत. तुमच्याकडचे दादालोक मला माहीत आहेत, गठ्ठेच गोळा करतील. निवडणूक ड्युटीवाले सुविधा केंद्रात जाऊन मत देतात ना, तसं केंद्र कॉलेजात दोन दिवस उघडायचं. ओळखपत्र दाखव, आडोशामागं जा, पाकीट तिथल्याच पेटीत टाक.

आयोगाला द्यायचा अर्ज सोबत जोडलाय. मराठी माझं ठीक आहे, पण सरकारी भाषा तू नीट कर. हॉस्टेलमधल्या बाहेरगावच्या पोरांच्या सह्या घे आणि प्रत्येकासमोर त्याचा मतदारसंघ लिहायला लाव. परीक्षा आटोपल्यावर पाठवलास तरी चालेल.

तुझा,
संज्या