महाग घेतो ते घेतो, पण सडकं का खायचं? अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत राहते. आमच्या सेक्टरातल्या दुकानात खराब चिकन विकतात अशी मी तक्रार केली होती, परवा मोबाईलवर मेसेज आला, तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. साहेब, दुकानात कोणी गेलं नाही, मला कोणाचा फोन आला नाही, चिकनचं सॅम्पल कोणी नेलं नाही, मग निकाली काय काढलं? मी एका सरकारी पोर्टलवर फोटो टाकले, तारीख टाकली, दुकान कुठे आहे ते टाकलं, हॉस्पिटलचं बिल जोडलं. त्यावर हे एका ओळीचं उत्तर. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

झालं असं की सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं अंडी द्या, चिकन द्या, पायाचं सूप द्या, अंगात ताकद आली पाहिजे. आता हे सांगायला सोपं आहे हो. चिकन 280 रुपये किलो, मटण 800 च्या वर, अंडं एकेक आठ रुपयाला. आमच्याकडे आधी दर रविवारी मटण व्हायचं, मग महिन्यातून एकदा झालं, आता कोणी पाहुणा आला तरच. त्यात म्हातारीसाठी म्हणून अर्धा किलो चिकन आणलं आणि तिच्यासोबत पोरीनेही दोन तुकडे खाल्ले. रात्री पोरीला उलट्या जुलाब सुरू, सकाळपर्यंत डोळे आत गेले, जवळच्या हॉस्पिटलात दोन बाटल्या सलाईन लावावी लागली. सासूबाई ऑपरेशनच्या पायाने संडासला कशा जात होत्या ते मी बघितलंय, तुम्हाला लिहून कळणार नाही. मी कामावर दांडी मारली त्याचा पगार कापला तो वेगळाच. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो ताई तुम्ही नीट शिजवलं नसेल. पंचवीस वर्षं स्वयंपाक करते मी.

महागाई समजते आम्हाला. कोंबडीला मका आणि सोयाबीन लागतो, मका आता इथेनॉलला जायला लागला, खाद्य महागलं की कोंबडी महागणार हे आम्ही पण वाचतो. बकरा गावाहून येतो, डिझेल लागतं, मान्य आहे. पण किलोला 800 रुपये घेऊन वर नळ्या आणि चरबी मला का मिळते? बोकड सांगून म्हातारी शेळी का विकतात, जी कुकरच्या आठ शिट्ट्यांनी पण शिजत नाही? आधी दुकानात टांगलेल्या बोकडाला नराची खूण ठेवलेली असायची, अंगावर शिक्का असायचा, गिऱ्हाईक बघून घ्यायचं. देवनारचा कत्तलखाना 1971 पासून आहे, तिथे जनावर कापायच्या आधी आणि कापल्यावर पशुवैद्यकीय डॉक्टर तपासतात. आमच्या सेक्टरातल्या दुकानात जे टांगलंय त्याच्यावर कुठलाच शिक्का नाही, ते कुठे कापलं, कधी कापलं, कोणी तपासलं, विचारलं की खाटीक सुरी घेऊन वर बघतो फक्त. मागे गिऱ्हाईकांची लाईन असते, कोण भांडणार?

चिकनचं तर विचारूच नका. नियम सांगतो थंड मांस 0 ते 4 डिग्रीत ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बारा वाजता सोललेली कोंबडी फळीवर उघडी पडलेली असते, वर पंखा फिरतो. संध्याकाळी उरलेलं बर्फाच्या पाण्यात जातं आणि दुसऱ्या दिवशी तेच पहिलं विकलं जातं. घरी आणून पातेल्यात टाकलं की एवढं पाणी सुटतं की परतायच्या ऐवजी उकळायलाच लागतं, ते पाणी पण मी 280 रुपये किलोनेच घेतलेलं असतं ना? काटा तर देवालाच माहीत. वजनमापं तुमच्याच खात्याकडे आहेत साहेब, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी झाली पाहिजे, त्याचं सर्टिफिकेट दुकानात दिसलं पाहिजे. मी आजवर एकाही मटणाच्या दुकानात ते बघितलेलं नाही. आणि बिल? बिलावर 14 आकडी फूड लायसनचा नंबर छापायचा असा नियम 2022 च्या जानेवारीपासून आहे म्हणे, इथे बिलच देत नाहीत तर नंबर कशावर छापणार. बिल नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून तक्रार निकाली!

आणि तक्रार करायची तरी कोणाकडे? काटा तुमच्याकडे, भेसळ आणि लायसन अन्न व औषध प्रशासनाकडे, ते दुसऱ्या मंत्र्यांकडे. जनावर पशुसंवर्धनाकडे, कत्तलखाना आणि दुकानाची जागा महापालिकेकडे. एक किलो मटण चार खात्यांत वाटलंय आणि माझ्या ताटात येतं तेव्हा ते कोणाचंच नसतं. महापालिकेचं म्हणाल तर 2020 च्या मे पासून आमच्याकडे प्रशासक बसला होता, निवडणूक झाली ती थेट 2026 च्या जानेवारीत, साडेपाच वर्षं गल्लीतला नगरसेवक नावाचा माणूसच नव्हता ज्याच्या दारात जाऊन ओरडता येईल. बर्ड फ्लू आला की मात्र सगळे धावतात. 2022 ला शहापूरच्या वेहळोलीत आला, 2025 ला उरणच्या चिरनेरला आला, तेव्हा सगळी यंत्रणा हलली. म्हणजे माणसं आहेत, गाड्या आहेत, मग बाकीच्या दिवशी एक इन्स्पेक्टर दुकानात फिरवायला काय होतं? 15 ऑगस्टला मटणाची दुकानं बंद ठेवा असा आदेश कल्याण डोंबिवलीत 2025 ला निघाला, केवढी चर्चा झाली टीव्हीवर. दुकान बंद ठेवायला सरकार हजर, चालू दुकानात काय विकतात ते बघायला कोणी नाही.

किराण्याचं पण सांगते, कारण मटण परवडत नाही तर डाळ खा म्हणणारे लोक आहेत. ती डाळ काय फुकट मिळते? माझे सासरे माथाडी होते, आधी मस्जिद बंदरला आणि घाऊक मार्केट वाशी-तुर्भ्याला आल्यावर इथे, आयुष्यभर पोती वाहिली, मणका गेला. त्याच मार्केटपासून आम्ही रिक्षाने दहा मिनिटांवर राहतो, अख्ख्या मुंबईचं धान्य, मसाला, कांदा आमच्या दारावरून जातो आणि आमच्याच कोपऱ्यावर कांदा मार्केटच्या दुप्पट भावाने. 2016 ला भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, तेव्हा सांगितलं मधले दलाल जातील, शेतकऱ्याला चार पैसे जास्त आणि तुम्हाला स्वस्त. शेतकरी आजही कांदा रस्त्यावर ओततो आणि मी आजही पाव किलो घेते. 2023 च्या डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद केली, नाशिकवाले मेले, माझ्या पिशवीत काय फरक पडला? लसूण 2024 ला 400 रुपये किलो खाल्लाय आम्ही. 2024 च्या सप्टेंबरला तेलावरची आयात ड्युटी वाढवली, ऐन गणपतीत आणि दिवाळीच्या तोंडावर, पिशवीमागे भाव चढला. पॅक केलेल्या पिठावर, तांदळावर, डाळीवर 5 टक्के जीएसटी 2022 पासून आहे. 2022 च्या दिवाळीला आनंदाचा शिधा दिला, शंभर रुपयात रवा, साखर, चणाडाळ आणि तेल, आमच्या चाळीतल्या बायका लाईनीत उभ्या राहिल्या, पिशवीवर नेत्यांचे फोटो होते. 2025 च्या दिवाळीला पैसे नाहीत म्हणून तो शिधा नाही. शिधा बंद करताना फोटोवाल्यांपैकी कोणी येऊन सांगितलं का या बायकांना?

आणि मग पेपरात येतं महागाई घटली. 2024 च्या ऑक्टोबरला सरकारचाच आकडा, खाण्याच्या वस्तू जवळजवळ अकरा टक्क्यांनी वर, भाज्या 42 टक्क्यांनी वर. 2025 च्या ऑक्टोबरला म्हणतात महागाई पाव टक्का. अहो पण आधी जे चढलं ते सगळं खाली आलं का? माझी वाण्याची वही आहे, त्यात महिन्याचा आकडा खाली आलेला नाही. नवऱ्याचा पगार त्या टक्क्यांनी वाढत नाही, तो कंत्राटावर आहे, त्याला महागाई भत्ता नाही, तुमच्या मंत्रालयातल्या लोकांना आहे.

कोल्हापूरच्या लोकांनी 2019 ला मटणाच्या दरासाठी रस्त्यावर उतरून दुकानदारांना बोलायला लावलं. लोक हसले त्यांना, मला तेव्हाही हसू आलं नाही. आपल्या ताटातल्या घासासाठी भांडले ते, त्यात काय चुकलं? आमच्याकडे सगळे नोकरीवाले, सकाळी ट्रान्स हार्बर लोकल पकडायची, रात्री घरी यायचं, कोण समिती काढणार.

मला फुकट काही नको. प्रत्येक मटण-चिकनच्या दुकानात दराचा बोर्ड, काट्याचं सर्टिफिकेट, जनावर कुठे कापलं त्याचा कागद आणि बिल, एवढं दिसलं पाहिजे. नसेल तर दंड, परत सापडला तर लायसन बंद. यासाठी नवीन कायदा लागत नाही, बरेचसे नियम आहेतच, अंमल करायला माणूस पाठवा. आणि माझी तक्रार परत उघडा. ते दुकान आजही चालू आहे, फळी तीच आहे, काल संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी तिथूनच एक किलो नेलं, त्यांच्या घरी दीड वर्षाचं पोर आहे.

आपली,
एक ग्राहक, कोपरखैरणे, नवी मुंबई