लावणीच्या दिवसांत मूल कोणाकडे ठेवायचे? : बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात मला साडेतीन ओळींचे एक पत्र मिळाले. ‘आपण सादर केलेल्या अहवालाची नोंद घेण्यात आली असून सदर प्रकरण निकाली काढण्यात येत आहे’ असे त्यात लिहिले आहे आणि खाली वाचता न येणारी सही आहे. हे पत्र कोणत्या कार्यालयातून आले ते मी येथे सांगत नाही, कारण माझे भांडण त्या एका टेबलाशी नाही. मात्र जे प्रकरण निकाली निघाले ते काय होते, हे आपल्या कानावर घालणे मला भाग आहे.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात पाच पाड्यांवर मी दोन वर्षे काम केले. कामाचे नाव लोकसहभागी संशोधन. म्हणजे प्रश्नावली घेऊन जायचे, उत्तरे भरून घ्यायची आणि शहरात परत यायचे असे नव्हे, तर काय विचारायचे हेच आधी मुलांच्या आयांनी, अंगणवाडी सेविकेने आणि मदतनिसांनी ठरवायचे, मोजमाप त्यांनी करायचे, त्याचा अर्थही त्यांनीच लावायचा आणि आमच्यासारख्यांनी ते कागदावर नीट उतरवून जिथे निर्णय होतो तिथे पोहोचवायचे. आमचा सुरुवातीचा प्रश्न होता, अंगणवाडीतून पाकिटात मिळणारा घरपोच आहार मुले का खात नाहीत? पहिल्याच बैठकीत बायांनी तो बाजूला सारला. पाकिटातले पीठ मुलांना आवडत नाही हे साऱ्या पाड्याला ठाऊक आहे, त्यासाठी संशोधन कशाला, असे एकीने विचारले. त्यांचा प्रश्न वेगळा होता : आम्ही शेतात असताना मूल कोणाकडे ठेवायचे?

मग त्यांनी अंगणात भाताच्या तुसाने बारा महिन्यांचे बारा घर आखले आणि प्रत्येक घरात चिंचोके ठेवले. एक चिंचोका म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसातून एकदा पडलेला घास. दिवाळीनंतरच्या घरात चार-पाच चिंचोके होते. वीटभट्टीवर गेलेल्यांची कहाणी निराळी, पण तिथेही तीन पडले. आषाढ-श्रावणाच्या घरात मात्र एका आईने दोन चिंचोके ठेवले, थोडा वेळ पाहिले आणि त्यातला एक उचलून परत पदरात टाकला. तेव्हा कोणीच काही बोलले नाही. सकाळी सातला आवण, म्हणजे भाताची रोपे, काढायला गेलेली बाई अंधार पडताना परतते, अंगणवाडी दुपारीच बंद होते, आणि मधल्या वेळात मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. त्या बहिणीची शाळा बुडते ती वेगळीच. सेविकेने वजनाच्या नोंदी पुढे ठेवल्या, तेव्हा पाचही पाड्यांवर जुलै-ऑगस्टमध्ये रेषा खाली झुकलेली दिसली. स्थलांतरामुळे वजन घटते असे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो; इथे तर आई घरापासून अर्ध्या कोसावर असतानाच ते घटत होते.

त्यावरची मागणीही त्यांचीच : लावणीचे दीड महिना अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा, पाड्यावरच्या दोन बायकांना मुले सांभाळायला रोज द्या आणि दुपारनंतर आणखी एकदा गरम काहीतरी शिजवा. रोजगार हमीच्या मजुरीच्या आसपास, म्हणजे ३०० रुपये, दोन बायका, ४५ दिवस : एका पाड्याला २७,००० रुपये. वरच्या खिचडीचे वेगळे. हा हिशेब मी बोटांवर केला आहे. चुकला असेल तर आपल्या खात्यात हिशेब तपासणाऱ्यांची कमतरता नाही.

जिल्ह्याच्या बैठकीत ही मागणी मांडायला सेविका आणि दोन आया स्वतः आल्या होत्या. पहाटेची एसटी धरून, एकीच्या कडेवर तापाने फणफणलेले पोर. त्यांना साडेअकराची वेळ दिली होती. त्यांची पाळी चार वाजता आली आणि सहा मिनिटांत संपली. तरीही समोरच्या साहेबांनी सर्वांदेखत शब्द दिला की, येत्या लावणीला या पाच पाड्यांवर प्रयोग सुरू करू. बायांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्यानंतर दोन लावण्या झाल्या आहेत.

आता मला माझ्याविषयी थोडे बोलू द्या, कारण निकाली काढलेल्या प्रकरणात मीही आहे. माझे मानधन अकरा महिने थकले आहे. ते आपल्या खात्याने द्यायचे नव्हते, तरी ज्यांनी द्यायचे होते ते शासनाच्या मान्यतेकडे बोट दाखवतात. घाटातल्या रस्त्याने माझ्या पाठीचा कणा आणि दुचाकीचा सांगाडा एकाच वर्षी मोडकळीला आला. दोनदा हिवताप झाला. नाशिकला आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मी तीनदा पुढे ढकलली, प्रत्येक वेळी ‘या महिन्यात आदेश निघेल’ या आशेने. हे सगळे सोसण्याची माझी तयारी होती. मी सोसू शकत नाही तो शुक्रवारचा बाजार. तिथे कोणी ना कोणी बाई हटकून भेटते आणि विचारते, “ताई, काय झाला तं आमचे चिंचोक्यांचा?” मी भाजी न घेताच परत फिरते. गेले काही महिने मी त्या बाजारालाच जात नाही, आणि ज्या माणसांसोबत काम केले त्यांचे तोंड चुकवण्याची पाळी कोणत्याही संशोधकावर येऊ नये, एवढे तरी आपण मान्य कराल.

‘लोकसहभाग’ हा शब्द आपल्या खात्याचा फार लाडका आहे. सप्टेंबरात पोषण माह आला की धान्याच्या रांगोळ्या निघतात, फलक लागतात, गरोदर बायांना रांगेत उभे करून छायाचित्रे घेतली जातात आणि ती त्याच दिवशी वर पाठवावी लागतात. हा सहभाग तत्काळ हवा असतो. चिंचोक्यांचा सहभाग मात्र निकाली निघतो, बहुधा त्याचे छायाचित्र चांगले येत नसावे.

आणि ही गोष्ट ज्या जिल्ह्यात घडते तो कोणता? १९४५ साली याच समुद्रपट्टीवर, बोर्डीला, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बालवाडी काढली. वस्तीवरची मुले तिच्यात येईनात, तेव्हा मुले अडाणी आहेत असा शेरा मारून त्यांनी वही मिटली नाही; बालवाडी उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. पुढे १९५७ मध्ये ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात भरवली. मुलांच्या आणि घराच्या दिवसाप्रमाणे शाळेने आपली वेळ बदलायची, ही त्या दोघींची रीत होती. १९७५ साली देशभर ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा शासनाने नाव अंगणवाडीचे घेतले. अंगण बाहेर राहिले, वाडीचे वेळापत्रक झाले.

पाड्यावरच्या बाईच्या मोजमापाला अर्थ नसतो, असे कोणी म्हणणार असेल तर त्याने गडचिरोलीकडे पाहावे. तिथे ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत बेताचे शिक्षण झालेल्या बायकांना नवजात बाळाचे वजन, श्वास, ताप पाहायला शिकवले, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि २०११ मध्ये केंद्र शासनाने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ती पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेली. बारा वर्षे लागली. आमच्या पाड्यांवर आज जे दोन वर्षांचे आहे ते बारा वर्षांनी चौदाचे होईल, आणि त्याची उंची तोवर ठरून गेलेली असेल.

लावणीतल्या पाळणाघराची कल्पनाही काही आकाशातून पडलेली नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगाने ‘फुलवारी’ या नावाने तीन वर्षांखालील मुलांसाठी अशी केंद्रे गावोगाव चालवली. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली तर ती सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद होती. आमच्या पाड्यांवर स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शेतात वाकलेल्या बाईच्या मुलापर्यंत तेवढे यातले काहीच पोहोचलेले नाही.

आपण म्हणाल, शासन गप्प बसलेले नाही. खरे आहे. अंगणवाडीच्या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे मोबाइल ॲप आले. आता घरपोच आहाराचे पाकीट देण्याआधी बाईचा चेहरा मोबाइलवर ओळखून घ्यावा लागतो. आमच्या एका पाड्यावर त्यासाठी सेविका बायांना घेऊन टेकडीवर चढते, कारण रेंज तिथेच येते. पावसात मोबाइल पदराखाली धरून उभ्या असलेल्या त्या बायका मी पाहिल्या आहेत. पाकीट चोरीला जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त आहे म्हणतात. ज्या पाकिटातले पीठ पुष्कळदा कोंबड्यांपुढे पडते, त्याच्या राखणीसाठी एवढे तंत्रज्ञान!

मुलामागे दिवसाला ८ रुपये हा पूरक आहाराचा दर २०१७ साली ठरला. त्यात ठरवून दिलेले उष्मांक आणि प्रथिने बसवण्याची जबाबदारी जिच्यावर टाकली आहे, ती सेविका शासनाच्या लेखी कर्मचारीसुद्धा नाही, ‘मानसेवी’, म्हणजे मानधनावर राबणारी आहे. तिला ग्रॅच्युइटी मिळावी हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले. मानधनासाठी डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस ती संपावर होती. अशा बाईकडून आम्ही संशोधनाचे काम आणखी मागितले, आणि तिने ते दिले, रात्री चूल उरकल्यावर. म्हणून तिच्या वहीला ‘माहितीस्तव सादर’ असा शेरा मिळतो तेव्हा मला चीड येते. या व्यवस्थेला पाड्यावरची बाई माहिती पुरवायला चालते, माहितीवरून काही ठरवायला चालत नाही. यात आम्ही संशोधकही धुतल्या तांदळाचे नाही. मुंबईहून, दिल्लीहून, परदेशातून माणसे येतात, मुलांच्या दंडाचा घेर मोजतात, प्रबंध लिहितात, आणि पाड्याला त्यातला एक कागदही परत मिळत नाही. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनंतर, म्हणजे १९९२ पासून, या टापूतली मुले मोजून घेण्यात तरबेज झाली आहेत. काटा टांगला की ती आपसूक झोळीत पाय टाकतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ३६.१ टक्के. तीव्र लुकडेपणा, म्हणजे उंचीच्या मानाने फारच कमी वजन, ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेला. मधल्या काळात किती बैठका झाल्या, किती इतिवृत्ते लिहिली गेली, याची आकडेवारी माहितीच्या अधिकारात मागवण्याचा मोह मी आवरला आहे.

माझ्या मागण्या तीनच. साडेतीन ओळींचे पत्र मागे घ्यावे. पुढच्या लावणीपूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, या पाच पाड्यांसाठी लेखी आदेश काढावा आणि तो पाड्यावर येऊन वाचून दाखवावा. आणि प्रयोग फसला की साधला, हे ठरवताना त्या आयांना बैठकीत पहिल्या तासात बोलू द्यावे, म्हणजे परतीची एसटी चुकणार नाही.

आपली,
एक क्षेत्रीय संशोधक

ता.क. : या पत्रासोबत ते चिंचोके पाठवण्याचा माझा विचार होता. बायांनी देण्यास नकार दिला; यंदाच्या आषाढात त्यांना ते पुन्हा मांडायचे आहेत.