पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र: अनुदान हवे, तर वाट मोकळी ठेवा

माननीय पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार मंत्री,
लंडन

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहे. मराठीतून ते मुद्दाम लिहितो आहे, कारण इंग्लंडातली आमची मराठी मंडळी सुट्टी आली की गाडी काढून लेक डिस्ट्रिक्ट गाठतात, पण घराच्या मागच्या शेतातून जाणाऱ्या पाऊलवाटेवर आपला कायदेशीर हक्क आहे, हे त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. तक्रार आपल्यासाठी, माहिती त्यांच्यासाठी.

मी लडलोला राहतो. श्रॉपशरमधले, वेल्सच्या सरहद्दीजवळचे हे बाजाराचे गाव. वर नॉर्मन काळातला किल्ला, त्याच्या दाराशी बाजारचौक, खाली टीम नदीचा वळसा. बाजारातून पाव आणि चीज पिशवीत टाकायचे, डिनमच्या उतारावरून पूल ओलांडायचा, की थोड्याशा चढणीनंतर माणूस व्हिटक्लिफच्या सामाईक माळावर उभा. समोर सगळे गाव, सेंट लॉरेन्स चर्चचा मनोरा आणि त्यामागे टिटरस्टोन क्ली. उंची 533 मीटर. सह्याद्रीत वाढलेला माणूस याला टेकाड म्हणेल, पण वाऱ्याच्या दिवशी वर जाऊन पाहावे. खाली नदीकाठाने लडफर्डच्या पुलाकडे जाते ती ‘ब्रेड वॉक’. ही वाट बांधणाऱ्या मजुरांना पैशांऐवजी पाव दिले, कारण रोख दिली असती तर ती गुत्त्यात गेली असती, असे इथे सांगतात. 1972 च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडलेल्या आमच्या आधीच्या पिढीला ही गोष्ट मुळीच परकी वाटायची नाही.

इथून मॉर्टिमर ट्रेल सुरू होते ती 30 मैलांवरच्या किंग्टनपर्यंत. खांबाखांबावर खुणा, दुकानात तिची पुस्तिका. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नाव मिळालेल्या वाटांचे बरे चालते. आपले सरकार नद्यांच्या काठाने नऊ नव्या राष्ट्रीय वाटा करणार आहे, किनाऱ्याने जाणाऱ्या लांबलचक वाटेला तर राजेसाहेबांचेच नाव आहे. त्यांच्या फिती जरूर कापाव्यात.

माझे म्हणणे बिननावाच्या वाटांबद्दल आहे. लडलोसारख्या कुठल्याही बाजारगावाचा 1:25,000 चा ऑर्डनन्स सर्व्हे नकाशा उघडा. हिरव्या तुटक रेषा चहूकडून गावात येताना दिसतील. त्या कुणी नियोजनाच्या टेबलावर बसून आखलेल्या नाहीत. लोणी-अंडी घेऊन बाजाराला येणारी बाई, गिरणीला जाणारे धान्य, चर्चला निघालेले कुटुंब, शेजारच्या वाडीवर कामाला जाणारा गडी, यांच्या पायांनी त्या पडल्या. आमच्याकडे जिला वहिवाट म्हणतात, तीच ही. फरक एवढाच, की 1949 च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांना या वाटा मोजून अधिकृत नकाशावर घ्यायला लावल्या आणि एकदा नकाशावर आलेली वाट हा सार्वजनिक रस्ता ठरला. जमीन मालकाची, चालण्याचा हक्क सगळ्यांचा. मालक बदलला, कुंपण बदलले, तरी हक्क जात नाही. शेताच्या हद्दीवरच्या रस्त्यासाठी तहसीलदाराकडे खेटे घातलेल्या माणसाला विचारा, याची किंमत काय ते. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे 1,40,000 मैल भरतात.

कायदा कागदावर चोख आहे. शेताच्या मधून जाणारी पाऊलवाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण पेरणीसाठी जमीन पहिल्यांदा मोडल्यापासून 14 दिवसांत ती निदान एक मीटर रुंद, पायाखाली सपाट आणि डोळ्यांना दिसेल अशी पुन्हा करून द्यावी लागते. त्यानंतरच्या प्रत्येक मशागतीनंतर 24 तासांत. बांधाकडेने जाणारी वाट तर नांगरायचीच नाही. हे न करणे गुन्हा आहे, आणि करून घेणे ही कौन्सिलची जबाबदारी.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. जागा लडलोची नाही. मेचा महिना. डांबरी रस्त्याच्या कडेला हिरवा खांब, त्यावर पिवळा बाण, ‘पब्लिक फुटपाथ’. बाण ज्या दिशेला दाखवतो तिथे मोहरीच्या जातीचे पिवळे पीक छातीपर्यंत उभे, दोन झाडांमध्ये बोट शिरणार नाही इतके दाट. आदल्या रात्रीचा पाऊस पानापानांत साठलेला. वीस पावलांत पँट मांडीपर्यंत भिजली आणि बुटात पाणी गेले. पलीकडचे कुंपण ओलांडायला जी लाकडी पायरी होती, तिची फळी कुजून एका खिळ्यावर लोंबत होती आणि भोवती नेटलची खाजरी झुडपे कमरेपर्यंत आलेली. सोबतच्या सत्तरीच्या बाई तिथूनच परत फिरल्या. मी कौन्सिलकडे रीतसर तक्रार नोंदवली. लगेच क्रमांक मिळाला, ‘प्राधान्यक्रमानुसार पाहिले जाईल’ असे उत्तरही मिळाले. पुढे पीक कापले गेले, वाट आपोआप मोकळी झाली आणि तक्रार निकाली निघाली. पुढच्या पेरणीला पुन्हा तेच.

त्या कार्यालयातल्या माणसांवर माझा राग नाही. म्हाताऱ्यांची देखभाल आणि मुलांचे संरक्षण यांचा खर्च भागवता भागवता कौन्सिलांच्या नाकी नऊ आले आहेत, तिथे पाऊलवाटेसाठी शेतकऱ्याला कोर्टात खेचायला कोण बसले आहे? नेमकी इथेच गोष्ट आपल्या खात्याकडे येते.

2023 च्या अखेरपर्यंत या वाटांच्या पाठीशी दुसरी एक ताकद होती. ब्रिटन युरोपीय संघात होते तेव्हापासून चालत आलेले शेतीचे अनुदान घ्यायचे, तर काही अटी पाळाव्या लागत, आणि शेतातले सार्वजनिक रस्ते अडवायचे नाहीत ही त्यांतली एक अट होती. रूरल पेमेंट्स एजन्सीचा माणूस पाहणीला आला आणि वाट पिकाखाली सापडली, तर अनुदानातून काही टक्के रक्कम कापली जाई. कोर्ट नाही, वकील नाही. पैसे कापले जातील एवढ्या धाकाने ट्रॅक्टर फिरत असे. मग त्या अटींची सारी व्यवस्था रद्द झाली. गुन्हा गुन्हाच राहिला, फक्त धाक गेला. कुंपणाची झुडपे राखायला आणि फुलांचे पट्टे ठेवायला आपले खाते आजही शेतकऱ्याला पैसे देते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच शेतातली कायदेशीर वाट बुजलेली असली, तरी त्या पैशाला धक्का लागत नाही. मधमाशीला शेतात जागा आहे, ज्याच्या करातून फुले लावली त्याला नाही.

शेतकऱ्याची बाजू मला कळत नाही असे नाही. उघडे टाकलेले फाटक, मेंढ्यांवर सोडलेली कुत्री, कोकराच्या हंगामात गोठ्याजवळ सहल मांडून बसणारी शहरी माणसे, हे सगळे पाहिले आहे. बरेचसे शेतकरी पेरणी झाली की वाटेवरून ट्रॅक्टर फिरवून रेघ पाडून देतात. अर्ध्या तासाचे काम. जो ते करतो त्याच्या आणि जो करत नाही त्याच्या हातात आज सारखेच पैसे पडतात, हा खरा अन्याय वाट करून देणाऱ्यावरच आहे.

तेव्हा मागणी एकच, आणि तिला नवा कायदा लागत नाही: सस्टेनेबल फार्मिंग इन्सेंटिव्ह ही शेतीची अनुदान योजना असो की दुसरी कुठली, तिच्या करारात एक अट घाला. शेतातल्या नोंदलेल्या वाटा मोकळ्या असतील, तरच पूर्ण रक्कम. कापलेले पैसे त्याच काउंटीच्या वाटांच्या डागडुजीला द्या. कुजलेल्या पायऱ्यांच्या जागी साधी फाटके बसवा, म्हणजे त्या सत्तरीच्या बाईंनाही पलीकडे जाता येईल.

नकाशात न आलेल्या जुन्या वाटा नोंदवायची मुदत आधी 2026 होती, मग 2031 झाली, आणि डिसेंबर 2024 मध्ये आपल्या सरकारने ती मुदतच काढून टाकण्याचे जाहीर केले. त्याबद्दल आभार. अर्थात घोषणा कायद्यात उतरली की खरी. पण हरवलेल्या वाटा शोधून नकाशावर आणायच्या आणि नकाशावरच्या वाटांवर पीक उभे राहू द्यायचे, यात तोल कुठे आहे ते आपणच पाहावे.

मराठी मंडळींना जाता जाता: वाट अडलेली दिसली तर फोटो काढा, नकाशावरची जागा टिपा आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. आपण परके, आपण कशाला बोलायचे, असे मनात आणू नका. हा हक्क चालणाऱ्याचा आहे, पासपोर्ट कुणी विचारत नाही.

मंत्रिमहोदय, आपल्या खात्याकडून उत्तर छापील साच्यातले आले तरी चालेल. फक्त ही अट घालणार की नाही, आणि नसेल तर का नाही, एवढे त्यात असावे.

आपला नम्र,
लडलोचा एक मराठी रहिवासी