बाबा, तुमच्या मनगटावरचा तो डाग

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा माझा गळा भरून आला, मग आईला वाटलं काहीतरी झालंय, म्हणून म्हटलं निवांत बसून लिहूनच काढू. काही झालेलं नाही, आम्ही तिघंही मजेत आहोत. उलट खूप छान गोष्ट झालीय आणि ती बाबांबद्दल आहे.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आजी आठवतायत ना, आई इथं आलेली तेव्हा त्यांनी बागेतला रुबार्ब दिला होता आणि तू त्याचा मुरंबा केलेलास? त्यांनी एकतीस वर्षं शाळेसमोर उभं राहून मुलांना रस्ता क्रॉस करून दिला, ऊन असो पाऊस असो, हातात ती गोल पाटी घेऊन. त्याबद्दल शाळेतल्या पालकांनी त्यांचं नाव पाठवलं आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांना मशाल घेऊन पळायला मिळालं. त्या वर्षी १९ मे ला लँड्स एंडहून मशाल निघाली आणि ७० दिवस देशभर फिरली, आठ हजार माणसं, आठ हजार मैल, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण तीनशे मीटर. १ जुलैला ती आमच्या कव्हेंट्रीत आली. आम्ही इथं आलो त्याच्या कितीतरी नंतर, त्यामुळे मी काही बघितलेलं नाही, पण आजी सांगायला लागल्या की असं वाटतं आत्ताच रस्त्यावरून गेली.

तर आजींसारख्या त्या वेळी पळालेल्या आसपासच्या वीस-बावीस जणांचा एक क्लब आहे. क्लब म्हणजे काय, ऑफिस नाही काही नाही, महिन्या दोन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी चहाला जमतात, मशाली घेऊन शाळांमध्ये जातात, आणि वर्षातून एकदा कम्युनिटी हॉल घेऊन गावातल्या खेळणाऱ्या लोकांचं कौतुक करतात. कौतुक म्हणजे फक्त पहिला नंबर आलेल्यांचं नाही हं. या वेळी एक चौदा वर्षांची पोहणारी मुलगी होती, एक मुलगा व्हीलचेअरवरून टेबल टेनिस खेळतो तो होता, आणि सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या ज्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परत पाच किलोमीटर पूर्ण केले. तिघांनाही सारख्याच टाळ्या. मला ते फार आवडलं, आपल्याकडं सत्कार म्हटलं की आधी पाहुण्यांचे सत्कार आणि खेळाडू बिचारा शेवटी, इथं पाहुणे नव्हतेच कुणी. आजींनी मला बटाटेवडे करशील का विचारलं, म्हणून मी ऐंशी वडे केले आणि अर्णवला घेऊन गेले.

हॉलमध्ये एका लांब टेबलावर सगळ्या मशाली ओळीनं आडव्या ठेवलेल्या, आणि मुलांना हातात घ्यायला देत होते. बाबा, मी पहिल्यांदाच हातात घेतली. बरोबर ८० सेंटिमीटर उंच आणि ८०० ग्रॅम वजन, सोनेरी, तीन कडा असलेली, आणि सगळ्या अंगभर गोल गोल भोकं, मोजून आठ हजार, एका धावणाऱ्यासाठी एक. मला वाटलं शोभेसाठी असतील पण तिथले एक रिटायर्ड काका, ते मेटलच्या कामातलेच, त्यांनी समजावून सांगितलं की भोकांमुळे वजन कमी होतं आणि वरच्या बर्नरची धग तिथल्या तिथे हवेत निघून जाते, हातापर्यंत उतरत नाही. या मशाली बनल्यासुद्धा इथंच कव्हेंट्रीत, त्यामुळे इथल्या लोकांना त्यांचा जरा जास्तच अभिमान. हात भाजत नाही म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर पटकन काहीतरी येऊन गेलं पण नीट कळलं नाही काय ते.

आणि दुसरी गोष्ट. यांच्या रिलेत मशाल पुढं जात नाही, ज्योत जाते. पुढचा माणूस आपली स्वतःची मशाल घेऊन थांबलेला असतो, मागचा आला की दोन्ही मशालींची तोंडं एकमेकांना लावायची, याला हे लोक किस म्हणतात, आणि ज्योत पलीकडं गेली की आपली विझवायची. मग आतला गॅसचा डबा काढून घेतात आणि ज्याला ठेवायची त्यानं १९९ पौंड देऊन मशाल घरी न्यायची, तेव्हाचे साधारण सतरा हजार रुपये झाले. आजींकडं एवढे पैसे नव्हते, शाळेतल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना ती घेऊन दिली. त्या वर्षी कितीतरी मशाली लगेच ऑनलाइन विकल्या गेल्या, काहींनी चांगल्या कामासाठी पैसे उभे केले त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण आजींनी त्यांची तेरा वर्षं उशीच्या अभ्र्यात गुंडाळून सोफ्यामागं ठेवलीय आणि जो येईल त्या मुलाच्या हातात देतात, त्यामुळे धरायच्या जागेचा सोनेरी रंग थोडा फिका पडलाय. मला वाटतं तीच खरी किंमत.

मग एक मास्तर उभे राहिले, इतिहास शिकवायचे ते. त्यांनी मुलांपासून काही लपवलं नाही, सरळ सांगितलं की ही मशालीची प्रथा काही प्राचीन ग्रीसमधली नाही, १९३६ ला बर्लिनमध्ये सुरू झाली आणि हिटलरच्या सरकारनं ती स्वतःच्या प्रचारासाठी वापरली. आणि मग म्हणाले १९४८ ला लंडनला ऑलिम्पिक आलं तेव्हा युद्धानं सगळं मोडलेलं होतं, तेव्हा ऑलिम्पियातल्या पहिल्या धावणाऱ्यानं, तो ग्रीक सैन्यातला कॉर्पोरल होता, आधी हत्यार खाली ठेवलं, गणवेश उतरवला, आणि मग मशाल उचलली. हॉलमध्ये अगदी शांतता होती. मी तर १९४८ ऐकल्याबरोबर सरसावून बसले कारण आपल्या घरात १९४८ चं लंडन म्हणजे एकच, खाशाबा! मला राहवलं नाही, मी हात वर केला आणि सांगितलं की आमच्या गावाजवळच्या गोळेश्वरचा एक पैलवान त्या वेळी इथं येऊन कुस्तीत सहावा आला होता. आणि चार वर्षांनी हेलसिंकीला त्यानं ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक मेडल, आणि त्याला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्रिन्सिपलनी राहतं घर सात हजाराला गहाण टाकलं. घर गहाण टाकलं म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी छातीवर हात ठेवला. आजोबांनी बघितलेली ती बैलगाड्यांची मिरवणूक पण सांगितली, शंभराच्या वर गाड्या होत्या म्हणून. आणि शेवटी १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडला खाशाबांच्या हातात मशाल दिली होती हे सांगितलं. बाबा तुम्ही ते दर वेळी सांगायचा आणि दर वेळी पुढचं पण सांगायचा, की दोनच वर्षांनी रस्त्यावरच्या अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार द्यायला सरकारला २००० साल उजाडावं लागलं. पुढचं मी तिथं नाही सांगितलं, जमलं नाही.

त्यावरून आठवलं, बाबा, मधेच सांगते रागावू नका. २०१२ ला लंडनमध्ये फौजा सिंग म्हणून १०१ वर्षांच्या आजोबांनी पण मशाल धरली होती, पगडीवाले, मॅरेथॉन पळणारे. मागच्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, ११४ व्या वर्षी पंजाबात आपल्याच गावात चालायला बाहेर पडले आणि गाडीनं उडवलं. तुम्ही पहाटे हायवेच्या कडेनं चालायला जाता हे मला आईनं सांगितलंय. प्लीज तेवढं बंद करा, प्रीतिसंगमावर जा, तिथं बागेत कितीही फेऱ्या मारा, चार मित्र पण भेटतील.

तर मुख्य गोष्ट. कार्यक्रमाच्या शेवटी एका तरुण मुलानं सांगितलं की तो पॅरालिम्पिकच्या मशालीबरोबर होता, ती स्टोक मँडेव्हिलहून लंडनला स्ट्रॅटफर्डपर्यंत रात्रभर नेली, पाच पाच जणांची टीम, चोवीस तास. त्याची पाळी मध्यरात्रीनंतर होती. तो म्हणाला झोपेतून उठून लोक ड्रेसिंग गाऊनवर दारात उभे होते, काहींच्या कडेवर मुलं. हे ऐकता ऐकता अर्णवनं माझा हात ओढला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माय आजोबा डिड दिस! इन द नाइट! विदाउट शूज!"

मी बघतच राहिले त्याच्याकडं. म्हटलं काय रे, कधी? तर तुम्ही म्हणे त्याला मागच्या मे महिन्यात गच्चीवर झोपताना सांगितलंत. प्रतापगडावरून शिवज्योत आणलेली, १९७६ साली, तुम्ही एकोणीस वर्षांचे. आणि मग त्यानं सगळं सांगितलं, अर्धं इंग्लिश अर्धं मराठी, आणि मी भाषांतर करत गेले. वैशाखातली शिवजयंती, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, म्हणून रात्रीचं पळायचं कारण दिवसा डांबर पायाला चिकटायचं. वर भवानीमातेच्या देवळात ज्योत पेटवली, मग महाबळेश्वर, मग केळघर घाट, मेढा, सातारा, आणि तिथून आपलं कराड. पुढं ज्योत, मागं टेंपो, टेंपोत पाण्याचा पिंप आणि झेंडे, आणि एक मुलगा फक्त कंदील सांभाळायला, वाऱ्यानं ज्योत गेलीच तर त्यावरून परत पेटवायची. बाबा हे ऐकून ते मेटलवाले काका एकदम उठूनच उभे राहिले, म्हणाले आमच्याकडंपण तसंच होतं! २०१२ ला तिसऱ्याच दिवशी डेव्हनमध्ये ग्रेट टॉरिंग्टनला एका व्हीलचेअरवरच्या बॅडमिंटन खेळाडूच्या हातात बर्नर बिघडून मशाल विझली होती, आणि मागच्या गाडीत खाणीतल्या दिव्यासारख्या कंदिलात मूळ ज्योत जपून ठेवलेली असते त्यावरून ती परत पेटवली.

मग त्यांनी विचारलं की तुझ्या वडिलांची मशाल कुठाय. मी म्हटलं आमच्यात मशाल एकच असते, तीच हातातून हातात जाते, पुढच्याला दिली की आपला हात मोकळा. गावात पोचली की मंडळाची. घरी काही येत नाही.

हे बोलले आणि तेव्हा मला कळलं की मघाशी डोळ्यासमोर काय आलेलं. तुमचा उजवा हात बाबा. मनगटाच्या आतल्या बाजूला तो लांबट डाग, चिंचोक्याएवढा, जिथं केस उगवत नाहीत. लहानपणी तुमच्या मांडीवर बसून मी त्यावर बोट फिरवायचे आणि विचारायचे हे काय, तर तुम्ही म्हणायचा तेल उडालं. मला आयुष्यभर वाटत आलं की स्वयंपाकघरात उडालं असेल. अर्णवला तुम्ही सांगितलंत की मेढ्याच्या पुढं चढाला चिंध्यांतलं पेटतं तेल गळून हातावर ओघळलं, आणि हात हलवला असता तर ज्योत खाली पडली असती म्हणून तसाच धरून पुढच्या गावापर्यंत पळालात, तिथं बायका ओवाळायला थांबलेल्या, त्यातल्या एकीनं पायावर पाणी घातलं तेव्हा तिला हात दिसला आणि तिनं त्यावर कोरफड लावली. मला का नाही सांगितलंत? मी विचारलं नाही नीट म्हणून ना. चाळीस वर्षांची झाले आणि माझ्या बापाच्या हाताची गोष्ट मला माझ्या मुलाकडून इंग्लंडमधल्या हॉलमध्ये कळली, याचं मला किती वाईट वाटलं आणि त्याच वेळी किती भरून आलं ते मला सांगता येत नाहीये.

मी त्यांना डागाचं सांगितलं. कुणी टाळ्या वगैरे नाही वाजवल्या लगेच. आजींनी फक्त त्यांची मशाल उचलली आणि अर्णवच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ही आजोबांच्या वतीनं धर. मग फोटो काढला. तो सोबत पाठवतेय, त्यात मागं वड्यांची परात पण आलीय.

आता कामाचं बोलते. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी ते परत जमणार आहेत आणि त्यांना बाबांना व्हिडिओ कॉलवर बघायचंय, बोलायचंय. इथं दुपारचे चार म्हणजे तिकडं रात्रीचे साडेआठ, त्यामुळे जेवण लवकर उरका. मी भाषांतर करीन, बाबांनी मराठीतच बोलायचं, आणि अगदी सगळं सांगायचं, किती जण होतात, कोण कोण आता हयात आहे, टेंपो कुणाचा होता, पाळ्या कशा ठरवल्या, अनवाणीच का. फेटा घातलात तर अर्णवला आवडेल पण जबरदस्ती नाही. त्या वेळचे तुमच्या बरोबरचे कुणी येऊ शकत असतील तर त्यांनाही बोलवा घरी, आई चहा करेल, आणि आई तू पण समोर बस, आत नको जाऊ. तुझ्या माहेरच्या गावातून पण ज्योती जायच्या ना, तू ताम्हण घेऊन रस्त्यावर उभी राहिली असशीलच, मला तेही कधी विचारायचं सुचलं नाही. ते पण सांग.

आणि आई, एक काम फक्त तुझ्यासाठी कारण बाबा स्वतः करणार नाहीत. उद्या सकाळी अंगणात उजेड असताना त्यांचा उजवा हात उलटा करून मनगटाचा जवळून फोटो काढ, घड्याळ काढून ठेवायला सांग म्हणजे नीट दिसेल, आणि लगेच मला पाठव. अर्णवला तो शाळेत न्यायचाय.

तुमची,
मनू